अंश, छेद आणि मुंबईचे मृत्यू

१९२१ साली मुंबई शहराचा बालमृत्युदर दरहजारी सुमारे ६६७ इतका नोंदला गेला. याचा शब्दशः अर्थ घ्यायचा तर त्या वर्षी जन्मलेल्या दर तीन बाळांपैकी दोन बाळे पहिला वाढदिवस पाहण्याआधीच दगावली. त्याच वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये हा दर ८३ होता. मुंबईचा आकडा अनेक लेखांत उद्धृत केला जातो आणि तो वाचून माणूस हळहळतो. पण तो कसा काढला गेला, हे सहसा कोणी विचारत नाही. आकडा खोटा नाही, म्युनिसिपालिटीच्या आरोग्यखात्याने तो नोंदवहीवरूनच काढला होता. तरीही तो जे सांगतो असे आपल्याला वाटते, ते नेमके तसे नाही. मृत्युदर म्हणजे अखेर एक अपूर्णांक असतो. अंशस्थानी मेलेल्यांची संख्या आणि छेदस्थानी, ज्यांच्यातून ते मेले, त्या सर्वांची संख्या. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मुंबईत अंश मोजणेही अवघड होते, पण खरी फसगत होते ती छेदापाशी, कारण या शहरातली माणसे एका जागी ठरत नव्हती.

आधी अंशाकडे पाहू. मुंबईत मृत्यूची नोंद प्रामुख्याने स्मशानात आणि कबरस्तानात होत असे. प्रेत जाळायचे किंवा पुरायचे तर तिथल्या कारकुनाला नाव, वय, जात, पत्ता आणि मृत्यूचे कारण सांगावे लागे, त्यामुळे माणूस मेला ही गोष्ट बहुधा सुटत नसे. या बाबतीत मुंबईची नोंद देशातल्या बहुतेक गावांपेक्षा पुष्कळच भरवशाची होती. अडचण होती ती कारणाच्या रकान्यात. गरीब वस्तीतल्या बहुसंख्य रुग्णांना शेवटच्या आजारात डॉक्टर दिसलेलाच नसे, म्हणून कारण सांगणार तो खांदा द्यायला आलेला शेजारी किंवा नातेवाईक. तो सांगणार, ताप होता. किंवा खोकला होता, जुलाब होत होते, आकडी आली, अशक्तपणा होता. म्हणून त्या काळच्या तक्त्यांत ‘ताप’, ‘श्वसनेंद्रियांचे विकार’, ‘अशक्तता’, ‘आकडी’ असे ऐसपैस वर्ग दिसतात. ही खरे तर रोगांची नावे नव्हेत, मरणाच्या आधी घरच्यांना जे दिसले त्याची ती नावे आहेत. ‘ताप’ या एका शब्दाखाली हिवताप, विषमज्वर, उलटून येणारा ताप आणि लपवलेला प्लेगसुद्धा सुखाने नांदत असे.

लपवलेला म्हणण्याचे कारण आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि त्यानंतर सरकारी यंत्रणेने घरझडती, सक्तीने रुग्णालयात नेणे, सामान जाळणे, घरे धुऊन काढणे असा सपाटा लावला. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, अशी धास्ती लोकांत इतकी बसली की त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस सुमारे हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर चाल केली. अशा वातावरणात घरात गाठीचा ताप येऊन कोणी गेले, तर कारण म्हणून प्लेग सांगणारा विरळाच. मग प्लेगने किती माणसे नेली, हे कसे कळायचे? त्यासाठी एक साधी युक्ती आहे. रोगाचे नाव बाजूला ठेवायचे आणि त्या आठवड्यात एकूण किती माणसे मेली ते पाहायचे. मग प्लेगपूर्वीच्या चारपाच वर्षांत त्याच आठवड्यात सरासरी किती मरत, ते त्यातून वजा करायचे. उरतात ते अतिरिक्त मृत्यू. प्लेगच्या हंगामात हे अतिरिक्त मृत्यू ‘प्लेग’ या रकान्यातल्या आकड्यापेक्षा बरेच जास्त भरत आणि त्याच वेळी ‘ताप’ व ‘श्वसनविकार’ हे रकानेही फुगलेले दिसत. कारकुनाला चुकवता येई, बेरजेला चुकवता येत नसे.

प्लेग मांडवीतच का उगवला, याचे उत्तर तिथल्या धान्याच्या वखारींत आहे. बंदराला लागून असलेल्या या भागात धान्याची पोती, पोत्यांवर उंदीर आणि वखारीच्या माथ्यावर माणसे राहत. प्लेगचा जंतू येर्सिनने १८९४ साली हाँगकाँगमध्ये शोधला होता, पण तो माणसापर्यंत कसा पोहोचतो हे कळायला आणखी दहाबारा वर्षे गेली. पॉल-लुई सिमाँ याने १८९८ मध्ये कराचीत उंदरावरच्या पिसवेकडे बोट दाखवले. त्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. पुढे परळच्या प्रयोगशाळेत, जी आज हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते, १९०५ नंतर ग्लेन लिस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग करून ते सिद्ध केले. साखळी अशी होती: आधी घरातले उंदीर पटापट मरतात, त्यांच्या अंगावरच्या पिसवा उपाशी पडतात आणि दुसरे रक्त शोधत माणसाकडे येतात. म्हणून उंदीर पडू लागल्यावर साधारण दोन आठवड्यांनी माणसे आजारी पडत. हे ठाऊक नसलेल्या पहिल्या वर्षांत म्युनिसिपालिटीने गटारांतून समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक सोडले. त्याने गटारातले उंदीर मेले नाहीत, घरांत शिरले असावेत, असा एक तर्क आहे आणि तो मला पटतो. प्लेगला ऋतूही होता. हिवाळ्यात सुरू होऊन फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये कळस गाठायचा आणि पावसाळ्यात जवळपास थांबायचा. दरवर्षी पुन्हा तेच.

आता छेदाकडे वळू. पहिल्याच साथीत, १८९७ च्या आरंभापर्यंत, शहरातली जवळपास निम्मी माणसे पळून गेली असा अंदाज आहे. साथ ओसरली की ती परत यायची आणि हिवाळा लागला की पुन्हा गावची वाट धरायची. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १९०१ मध्ये ती ७,७६,००६ भरली. वाढत्या शहराची लोकसंख्या दहा वर्षांत घटावी, यात मृत्यूंचा वाटा होताच, पण १९०१ ची जनगणना १ मार्च रोजी, म्हणजे नेमकी प्लेगच्या ऐन हंगामात झाली, हेही त्याचे मोठे कारण होते. माणसे मेली नव्हती, गावाला गेली होती. पुढची काही वर्षे शहराचा मृत्युदर याच आकड्याने भागून काढला गेला आणि साहजिकच तो फुगला. अखेर म्युनिसिपालिटीने १९०६ साली शहरापुरती स्वतंत्र शिरगणती करवून घेतली. तेव्हा लोकसंख्या निघाली ९,७७,८२२. पाच वर्षांत दोन लाख माणसे जन्माला आली नव्हती. किंबहुना त्या काळात मुंबईत नोंदलेल्या जन्मांपेक्षा मृत्यू जास्त असत आणि शहर वाढत होते ते केवळ बाहेरून येणाऱ्यांच्या जोरावर. समजा एखाद्या वर्षी ४५,००० माणसे मेली. जुन्या छेदाने भागले तर दर येतो दरहजारी ५८, नव्या छेदाने भागले तर ४६. स्मशानातली राख तितकीच, दर मात्र बारांनी उतरला.

इथवर वाचून कोणाला वाटेल की मुंबईचे आकडे उगाच भयंकर दिसतात, वास्तव सौम्य असावे. पण छेदाची दुसरी बाजू याच्या नेमकी उलट आहे आणि माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची आहे.

मुंबईत राहत कोण होते? रत्नागिरी, सातारा, पुणे, नगर, कच्छ, काठेवाड, गोवा, उत्तर हिंदुस्थान अशा ठिकाणांहून आलेले तरुण पुरुष. शहरात जन्मलेली माणसे अल्पसंख्य होती. १९११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या अवघ्या सुमारे ५३०. बायकापोरे आणि म्हातारे आईबाप गावी, कमावता पुरुष गिरणीत, हा गिरणगावाचा सर्वसाधारण नमुना होता. आता मरण वयाप्रमाणे सारखे वाटलेले नसते. तान्ही मुले आणि वृद्ध अधिक मरतात, वीस ते चाळीस वयाची माणसे कमी. म्हणजे ज्या शहरात तरुणांचीच गर्दी आहे, तिथला एकूण मृत्युदर आपोआप कमी यायला हवा.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका गावात हजार माणसे आहेत, त्यांपैकी ४०० मुले आणि म्हातारी, ६०० तरुण. मुलाम्हाताऱ्यांत दरहजारी ५० आणि तरुणांत दरहजारी १० मरतात असे धरले, तर वर्षाला २० आणि ६ मिळून २६ मृत्यू होतात. शेजारच्या शहरातही हजार माणसे आहेत, पण तिथे मुलेम्हातारी फक्त २०० आणि तरुण ८००. इथे मुलाम्हाताऱ्यांत दर ७० आहे आणि तरुणांत १५, म्हणजे दोन्ही गटांत गावापेक्षा बराच वाईट. तरी मृत्यू होतात १४ आणि १२, एकूण पुन्हा २६. दोन्हीकडचा दर सारखा छापून येणार आणि वाचणारा म्हणणार की शहर गावाइतकेच निरोगी आहे. म्हणून दोन ठिकाणांची तुलना करताना आधी वयोगट सारखे करून घ्यावे लागतात. याला वयानुसार प्रमाणित केलेला दर म्हणतात. मुंबईत तर तरुणांचे पारडे इतके जड असूनही एकूण दर साध्या वर्षांतसुद्धा दरहजारी तिशीच्या वर रेंगाळत होता. वयांचा हिशेब घातला की ही मुंबई छापील आकड्यापेक्षा अधिक भीषण ठरते.

त्यात आणखी एक वजाबाकी दडलेली आहे आणि ती क्षयरोगाची. गिरणीतल्या तंतूंनी आणि दमट हवेने भरलेल्या खात्यांत दिवस काढायचा आणि रात्री दहाबारा जणांनी भाड्याने घेतलेल्या एका खोलीत पथारी टाकायची, या जगण्यात क्षय फोफावला तर नवल नव्हते. पण क्षय प्लेगसारखा चार दिवसांत नेत नाही, महिनोन्महिने झिजवतो. खोकल्यातून रक्त पडू लागले, काम होईनासे झाले की कामगार बोटीने कोकणात जाई किंवा घाट चढून गावी परते आणि तिथेच संपे. त्याचा मृत्यू गावच्या पोलीस पाटलाच्या वहीत चढे, तोही बहुधा ‘ताप’ म्हणून. रोग मुंबईने दिला, मृत्यू रत्नागिरीच्या खात्यावर पडला. मुंबईच्या तक्त्यात क्षयाचा रकाना लहान दिसतो आणि ‘श्वसनेंद्रियांचे विकार’ हा रकाना वर्षानुवर्षे सर्वांत मोठ्यांपैकी एक दिसतो, तेव्हा या दोन्ही गोष्टी एकत्र ध्यानात ठेवाव्या लागतात. प्लेगचा बोलबाला झाला, परिषदा भरल्या, आयोग नेमले गेले. छातीच्या रोगांनी मात्र गाजावाजा न होता, कुठलाही ऋतू न चुकवता माणसे नेली.

इतर साथींबद्दल थोडक्यात सांगायचे तर विहार (१८६०), तुळशी (१८७९) आणि तानसा (१८९२) या तलावांचे पाणी आल्यावर पटकीचा जोर बराच ओसरला. दुष्काळाच्या १९०० सालासारखी वर्षे त्याला अपवाद. त्या वर्षी खंगलेले लोक अन्नासाठी शहरात लोटले आणि प्लेग, पटकी, देवी, उवांमार्फत पसरणारा उलटून येणारा ताप असे सारे एकदम उसळले. देवीची लस शहरात १८७७ पासून सक्तीची होती, पण ती सक्ती गावाहून रोज उतरणाऱ्यांना गाठू शकत नव्हती. हिवतापाची गोष्ट मात्र मजेशीर आहे. १९११ साली चार्ल्स बेंटली यांनी अहवाल दिला की मुंबईत हिवतापाचे डास दलदलीपेक्षा घराघरांतल्या विहिरींत आणि टाक्यांत वाढतात. म्हणजे हा रोग फोर्टसारख्या सुस्थितीतल्या भागातही होता. विहिरी बुजवा म्हटल्यावर पारशी, हिंदू, मुसलमान असे सर्वच एकमुखाने विरोधाला उभे राहिले, कारण विहिरीचे पाणी धर्मकृत्याला लागे. या शहरात असे एकमत क्वचितच होत असेल.

मग १९१८ आले आणि त्याबरोबर इन्फ्ल्युएन्झाची साथ. १० जूनला गोदीवर पहारा करणारे सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले आणि काही दिवसांत शहर खोकू लागले. ही पहिली लाट तशी सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी आली, जिला महाराष्ट्रात लोक मानमोडी म्हणत. ६ ऑक्टोबर या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. शहराची वस्ती अकराबारा लाख आणि एरवीचा दर पस्तिशीच्या आसपास धरला तर दिवसाला शंभर ते सव्वाशे मृत्यू व्हायला हवेत; त्या दिवशी त्याच्या सहासात पट झाले. इन्फ्ल्युएन्झाने नेहमीचा नियम उलटवला आणि मुलाम्हाताऱ्यांबरोबर वीस ते चाळीस वयाच्या माणसांना टिपले, म्हणजे मुंबईत ज्यांची भरती होती नेमक्या त्यांनाच. त्या वर्षी पाऊस दडी मारून बसला होता, धान्य कडाडले होते आणि युद्धामुळे डॉक्टर-परिचारिकांचा तुटवडा होता.

रोग हवेतून पसरणारा, तेव्हा तो गरीब-श्रीमंत पाहणार नाही असे वाटते. पण त्या साथीतले दर समाजवार काढले गेले, तेव्हा युरोपियनांत ते दरहजारी ८.३ होते, पारशांत ९ च्या आसपास आणि तक्त्यात ‘खालच्या जातीचे हिंदू’ असा शिक्का मारलेल्या लोकांत ६१.६. लागण कदाचित सगळ्यांना सारखीच झाली असेल. पण तापात आठ दिवस पडून राहायला जागा असणे, कोणी पेज करून द्यायला असणे, दुसऱ्याच दिवशी कामावर जाण्याची गरज नसणे यांवर त्या काळात जगणे-मरणे अवलंबून होते. हे आकडे काढताना छेदात काही गफलत झाली असेल, जातीच्या नोंदीत घोळ असेल, असे सर्व मान्य केले तरी सातपटीहून मोठे अंतर गफलतीने पडत नाही.

आता त्या ६६७ कडे परत जाऊ. बालमृत्युदराच्या छेदात लोकसंख्या नसते. त्या वर्षी नोंदलेले जन्म असतात. आणि आपल्याकडे बाळंतपणाला माहेरी किंवा गावी जायची रीत. बाई सातव्या महिन्यात गावी जाई, तिथे बाळ जन्मे, जन्माची नोंद झालीच तर गावात होई आणि काही महिन्यांनी ती बाळाला घेऊन चाळीत परत येई. ते बाळ मुंबईत दगावले की मृत्यू मुंबईच्या अंशात जमा आणि जन्म मुंबईच्या छेदात नाही. समजा एका वाडीत वर्षाला १०० जन्म नोंदले गेले आणि आणखी ४० बाळे गावाहून आली. या १४० पैकी ५६ दगावली. खरा दर दरहजारी ४०० झाला, पण छापून येणार ५६०. शहरातच जन्मलेल्या काही मुलांचा जन्म कोणी कळवतच नसे, त्याने हा फुगवटा आणखी वाढे. १९२२ मध्ये हाच दर एकदम ४०० च्या आसपास उतरला. एका वर्षात एवढी उडी कोणतीही लस किंवा दवाखाना घडवू शकत नाही, तेव्हा तीत महागाई आणि साथी ओसरण्याबरोबर हिशेबाचाही वाटा असलाच पाहिजे.

तरीही हिशेबाच्या चुकीमागे लपण्याची सोय नाही, कारण त्याच १९२१ सालाची खोल्यांनुसार केलेली विभागणी उपलब्ध आहे. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत बालमृत्युदर सुमारे ८२८ होता, दोन खोल्यांत ३२२, तीन खोल्यांत १९१, चार किंवा अधिक खोल्यांत १३३. एका खोलीत राहणाऱ्या बायकाच बाळंतपणाला गावी अधिक जात असणार, म्हणून ८२८ हा आकडा सर्वांत जास्त फुगलेला आहे हे खरे. तो निम्म्यावर आणला तरी चार खोल्यांच्या तिप्पट उरतो. दुसरीकडे सर्वांत सुखवस्तू घरांचा १३३ हासुद्धा इंग्लंड-वेल्सच्या ८३ पेक्षा जास्तच आहे. त्यातला भाग पाण्याचा, दुधाचा आणि सुईणीच्या हाताचा. नाळ कापायला जे हाताशी येईल ते वापरल्याने नवजात बाळाला धनुर्वात होई आणि तो आठवड्याच्या आत नेई. घरचे त्याला सटवीचा कोप म्हणत आणि कारकून ‘आकडी’ लिही. जी बाई दहा तास गिरणीत उभी असे, तिच्या तान्ह्याला दिवसभर निजवून ठेवायला अफूची बाळगोळी दिली जाई. गिरणीतल्या बायकांच्या पाहणीत ही चाल जवळजवळ घरोघर आढळली होती. गुंगीतले बाळ दूध मागत नाही, म्हणून खंगत जाते, आणि वहीत शब्द चढतो ‘अशक्तता’.

१९२० नंतर एकूण दर उतरू लागला. प्लेग हळूहळू मावळला. त्याचे श्रेय कोणाला द्यावे याबद्दल मी सावध आहे, कारण शहर सुधारण्यासाठी नेमलेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने १८९८ पासून नागपाड्यासारख्या दाट वस्त्या पाडल्या खऱ्या, पण हलवलेली माणसे शेजारच्या चाळींत कोंबली गेली. आणि परळच्या प्रयोगशाळेत असे दिसून आले की मुंबईचे उंदीर मद्रासच्या उंदरांपेक्षा प्लेगला कितीतरी अधिक पुरून उरतात. दुबळे उंदीर आधीच्या साथींत मेले होते, उरले ते चिवट होते. उंदीर पटापट मरेनात, म्हणून पिसवाही माणसांकडे वळेनात.

बालमृत्युदर १९३० च्या सुमारास ३०० वर आला. यात शहरात उघडलेल्या सूतिकागृहांचे काम मोठे होते, पण ते दुहेरी होते, हे समजून घेतले पाहिजे. शिकलेल्या सुईणीने उकळलेल्या कात्रीने नाळ कापली, म्हणून बाळे धनुर्वाताने मरेनाशी झाली आणि अंश घटला. शिवाय जी बाई एरवी बोटीने गावी गेली असती ती मुंबईतच बाळंत झाली, तिचे बाळ मुंबईच्या वहीत चढले आणि छेद वाढला. ३०० पर्यंतच्या उतरणीत पहिल्याचा वाटा किती आणि दुसऱ्याचा किती, हे वेगळे काढायचे तर प्रत्येक दगावलेल्या बाळाच्या नोंदीत आणखी एक रकाना लागला असता, जन्म कुठे झाला याचा.